सब साडेचार, इस्माईल

"ह्या दोन ओळी एकच आहेत," मी म्हणाले.

बाबूचाचांनी मान वर केली नाही. गोडाऊनच्या दारात स्टुलावर बसून ते एका जुन्या व्हॉल्व्हचा गंज काढत होते.

"एक न्हाईत."

"नाव एकच आहे, सब साडेचार इंची. तुमच्या रजिस्टरात चाळिसाव्या पानावर तेच आणि एकशे बाराव्या पानावरही तेच. मी दोन्हींचं वजन करून बघितलं. लांबीही तीच."

"असू दे. वेगळं हाय ते."

"कॉम्प्युटरला असलं चालत नाही, चाचा. एक वस्तू, एक नोंद."

"मग त्या कॉम्प्युटरलाच इचार की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा यार्ड ओलांडून कंटेनरमधल्या ऑफिसात आले, दोन्ही ओळी निवडल्या आणि 'एकत्र करा' दाबलं. हे परत फिरवता येणार नाही, पुढं जायचं का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. मी 'हो' दाबलं, तेही इतक्या ठसक्यात की पलीकडच्या टेबलावरचे देशमाने साहेब म्हणाले, "कीबोर्ड कंपनीचा आहे, संध्या."

याला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि आमच्या बंडगरांच्या घरातली नोकरीला लागलेली पहिलीच मुलगी, त्यामुळे तोरा विचारू नका. वग्याणी अण्णांच्या बोअर मारायच्या सहा गाड्या होत्या. जतपासून अथणीपर्यंत त्या फिरायच्या आणि त्यांचं सगळं सामान कुपवाडच्या यार्डात असायचं: रॉड, हॅमर, बिट, केसिंग पाइप आणि मोजता येणार नाहीत इतक्या बारीकसारीक वस्तू. सत्तावीस वर्षं हे सामान बाबूलाल शिकलगार या एका माणसानं सांभाळलं होतं, थोडं तीन लांबलचक रजिस्टरांत आणि उरलेलं डोक्यात. रजिस्टरातलं सॉफ्टवेअरमध्ये घालायला मला नेमलं होतं. डोक्यातल्याचं काय करायचं ते कुणीच बोललं नव्हतं.

नोंदी झाल्या चार हजार एकशे बारा. एकाच वायसरला रजिस्टरात कुठं वायसर म्हटलं होतं, कुठं चकती, कुठं रिंग. मॅनेजर देशमाने साहेबांनी माझ्या टेबलासमोर भिंतीवर कागद चिकटवला होता, 'दोन हजारांच्या आत'. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "आज किती गेल्या?" मी सांगायची, ऐंशी, नव्वद, एकशे दहा. खरं सांगते, मला ती नशा चढली होती. नोंदी नाहीशा करण्यात एवढी मजा असते हे मला त्या आधी माहीत नव्हतं.

सब म्हणजे वीतभर लांबीचा, साडेचार इंच जाडीचा लोखंडी जोड. बोअरमध्ये रॉडची माळ खाली खाली जाते आणि तिच्या टोकाला दगड फोडणारा हॅमर असतो. रॉड आणि हॅमर यांच्यामध्ये हा सब. दोन्हीकडून आटे फिरवून आवळायचा. गोडाऊनमध्ये वरच्या फळीवरच्या कप्प्यात नऊ सब होते आणि खालच्या कप्प्यात चौदा. दिसायला सगळे सारखे. पण चाचांची एक तऱ्हा होती. सब हातात देण्याआधी ते डोळे अर्धवट मिटायचे आणि अंगठ्याचं नख आतल्या आट्यांवरून गोल फिरवायचे. मला ते निव्वळ नाटक वाटायचं.

चाचा भाचीच्या लग्नाला तीन दिवस इचलकरंजीला गेले आणि देशमाने साहेबांनी तेवढ्यात संधी साधली.

"नोंद एक झाली ना? मग कप्पे दोन कशाला?"

दोन माणसांनी वरचे नऊ सब उचलून खालच्या चौदांत ओतले. मी नवीन लेबल छापून कप्प्यावर चिकटवलं. त्याच दुपारी तीन नंबरच्या गाडीचा ऑपरेटर सेल्वम चिठ्ठी घेऊन आला. त्याला एक सब हवा होता. मी स्वतः कप्प्यातून सब काढला, बोळ्यानं पुसला आणि संगणकावर माल दिल्याची नोंद केली. चाचांशिवाय दिलेली ही माझी पहिली वस्तू.

"चाचा नाही?" सेल्वमनं विचारलं. तो तिरुचेंगोडचा, पण अकरा वर्षं आमच्याकडं राहून मराठी बरी बोलायचा.

"चाचा कशाला हवेत? मी देते की."

त्यानं सब हातात फिरवून बघितला, मान हलवली आणि गेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. जत तालुक्यातल्या एका वाडीत शाळेच्या आवारात बोअर चालू होती. चारशे दहा फुटांवर रॉड अचानक हलका झाला. वर काढून बघितलं तर खाली सबही नाही आणि हॅमरही नाही. दोन्ही सुटून तळाशी पडले होते. दिवसभर लोखंडी आकडे खाली सोडून त्यांनी ते धरायचा प्रयत्न केला, काही हाती लागलं नाही. बोअर गेली. त्या शाळेतली मुलं टँकरचं पाणी पीत होती आणि सगळी वाडी सकाळपासून खुर्च्या टाकून पाण्याची वाट बघत बसली होती, असं फोनवरचा माणूस सांगत होता. मी 'हो, हो' म्हणत राहिले. तोवर मला अजिबात वाटलं नव्हतं की यात माझा काही संबंध आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉडची गाडी यार्डात आली. माळेतला शेवटचा रॉड उतरवून लोखंडी घोड्यांवर ठेवला. सेल्वमच्या कपाळावर टेंगूळ होतं. कुणी मारलं ते त्यानं सांगितलं नाही.

"मी टाइट केला, मॅडम," तो म्हणाला. "पूर्ण टाइट. आई शप्पथ."

चाचा लग्नाहून आदल्याच दिवशी परतले होते. ते रॉडच्या टोकापाशी उकिडवे बसले आणि बोळ्यानं ग्रीस पुसलं. टोकाचे तीन आटे पार सोलून निघाले होते. त्यांच्या मागचे सगळे आटे मात्र नवे कोरे होते, त्यांच्यावरचं ग्रीससुद्धा हललेलं नव्हतं.

"आवळलंय त्यानं," चाचा म्हणाले. "पर तीनच आट्यांनी धरलं हुतं."

मग ते उठले आणि गोडाऊनमध्ये गेले. मी मागोमाग गेले. ते वरच्या रिकाम्या फळीकडं बघत उभे होते. मग त्यांनी खालचा भरलेला कप्पा बघितला, माझं छापील लेबल बघितलं आणि जाऊन स्टुलावर बसले. 

"चाचा, तुम्ही सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता. घाबरले की माझा आवाज चढतो. "फरक होता तर सांगायचं ना!"

"तू इचारलंस कुठं?" ते म्हणाले. "तू सांगितलंस."

 मी खरोखरच आठवून बघितलं. वजन सांगितलं होतं, लांबी सांगितली होती, पानांचे नंबर सांगितले होते. 'फरक काय?' हे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नव्हते.

चाचांनी कप्प्यातून दोन सब काढले आणि माझ्यासमोर ठेवले. "नख घाल आत. फिरव."

मी फिरवलं. पहिल्यात नख घसरत गेलं. दुसऱ्यात प्रत्येक आट्याला किंचित अडकत होतं.

"अडकतं त्यो इस्माईलचा," ते म्हणाले.

इस्माईल त्यांचा धाकटा भाऊ. कुपवाडातच त्याची लेथ होती. एक आणि दोन नंबरच्या गाड्यांचे रॉड फार जुने, त्यांच्या आट्यांचा उतार निराळा, आणि तसे सब कुठंच मिळायचे नाहीत. इस्माईलनं त्या रॉडांवर बेतून चाळीस सब कातून दिले होते. तो वारला, लेथ विकली गेली आणि चाळिसांतले नऊ उरले. जुन्या गाड्यांना ते सब घट्ट बसायचे. नव्या गाड्यांच्या रॉडवर बसल्यासारखे दिसायचे, आवळल्यासारखे वाटायचे आणि तीन आट्यांवर लोंबकळायचे.

"हे रजिस्टरात का नाही लिहिलं?"

चाचांनी व्हॉल्व्ह उचलून घासायला घेतला. "लिवलं असतं तर मला कशाला ठिवलं असतं, पोरी? सगळं तुज्या पेटीत गेल्यावर म्हाताऱ्याचं काय काम हुतं हितं?"

मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकदमच.

चार वाजता अण्णा यार्डात यायचे होते. साडेतीनला देशमाने साहेबांनी मला कंटेनरमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे बघ, आपण दोघंही अडचणीत आहोत," ते म्हणाले. "म्हातारा रजेवरून आला आणि त्यानंच कप्पे मिसळले, असं म्हणायचं. सेल्वमला सबही त्यानंच दिला."

"चाचा तर इचलकरंजीला होते."

"लग्नाला तीन दिवस लागतात का? एक दिवस आधी आले होते म्हणू. चौदा महिन्यांनी तो रिटायर होणारच आहे, आधी गेला तर बिघडलं काय? तुझं अख्खं आयुष्य पुढं आहे."

"पण सॉफ्टवेअरमध्ये नोंद आहे. एकत्र कुणी केलं, माल कुणी दिला, तारीख, वेळ, सगळं आहे. माझ्या नावावर."

देशमाने साहेब हसले. "अॅडमिन कोण आहे? मी. नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. तू फक्त मान डोलवायची."

मला तेव्हा नेमकं काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं, की चाचांच्या स्टुलावर दुसरं कुणीतरी बसलंय असं चित्र डोळ्यांसमोर आलं, आणि ते कुणीतरी मीच होते, म्हातारी झालेली. मी काही न बोलता बाहेर आले. साहेबांना वाटलं, पोरगी पटली.

अण्णा आले. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. स्वतः बोअरच्या गाडीवर हेल्परी करून वर आलेला माणूस. रॉडचं टोक बघून ते कंटेनरमध्ये येऊन बसले. चाचा दारात उभे राहिले, सेल्वम त्यांच्या मागं.

"सेल्वम, नीट आवळलं न्हाईस न्हवं?" अण्णांनी सुरुवातच तिथून केली.

"अण्णा, अकरा वर्षं," सेल्वम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"त्याची चूक नाही, अण्णा," देशमाने साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "चुकीचा सब गेला. बाबूचाचांचं वय झालंय. त्यांनी कप्पे मिसळले आणि..."

"मी मिसळले," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनी सुद्धा.

"दोन नोंदी मी एकत्र केल्या. चाचा नको म्हणत होते तरी केल्या. कप्पे साहेबांच्या सांगण्यावरून मिसळले, त्यावर लेबल मी लावलं. आणि तो सब सेल्वमला मी ह्या हातानं दिला. चाचा तेव्हा इचलकरंजीत लग्नात होते."

"ती घाबरलीय, अण्णा," देशमाने म्हणाले.

"घाबरले असते तर गप्प बसले असते," मी म्हणाले आणि कॉम्प्युटरचा पडदा अण्णांकडं वळवला. "हे बघा. तारीख, वेळ, नाव. साहेब म्हणतात की हे नाव दोन मिनिटांत बदलता येतं. मघाशी दार लावून हेच सांगत होते. बदलायच्या आत बघून घ्या."

 देशमाने साहेबांचा चेहरा उतरला. अण्णांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेऊन एकेक अक्षर वाचलं आणि चष्मा काढला.

"चूक केलीस ती केलीस," ते मला म्हणाले. "वर तोंड करून बोलतीस?"

"हो. चूक माझी आहे, म्हणून तर बोलते. दुसऱ्याच्या नावावर गेली तर ती मी उद्या पुन्हा करणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण जायच्या आधी एक ऐका. ह्या यादीतून मी अकराशे नोंदी उडवल्यात. त्यात अशा आणखी किती असतील मला माहीत नाही. साहेबांनाही माहीत नाही. माहीत आहे ते ह्या एकाच माणसाला, आणि त्यांना आम्ही कधी काही विचारलं नाही." मी ते दोन सब अण्णांसमोर टेबलावर आपटले, जरा जोरातच. "नख फिरवून बघा."

अण्णांनी नख फिरवलं. आधी एकात, मग दुसऱ्यात. मग पुन्हा पहिल्यात. 

"बाबू," ते शेवटी म्हणाले, "हा इस्माईलच्या हातचा."

"व्हय, अण्णा."

"लिवून का न्हाई ठिवलंस?"

चाचा खाली बघत राहिले. "भ्यालो, अण्णा," ते म्हणाले. "माझीबी चूक हाय. निम्मी माझी धरा."

मी त्यांना गप्प बसा म्हणणार होते, पण त्यांनी मला हातानंच थांबवलं.

अण्णांनी सेल्वमला आधी निकाल दिला. उद्याच गाडी घेऊन परत त्या वाडीत जायचं, दहा फूट बाजूला नवी बोअर मारायची, शाळेकडून काही घ्यायचं नाही. मग ते देशमाने साहेबांकडं वळले.

"तुमी अॅडमिन म्हंजे काय ओ? चावी तुमच्याकडं?"

"म्हणजे... पासवर्ड, अण्णा."

"दुसऱ्याच्या नावावर चूक लिवणाऱ्याकडं चावी नको." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आशेनं सरसावले असेन. "आणि तुज्याकडंबी नको. तू न इचारता दाबतीस." मग त्यांनी दाराकडं बोट केलं. "बाबूकडं द्या."

"मला यंत्रातलं काय कळतंय, अण्णा!" चाचा दचकून म्हणाले.

"म्हणूनच."

आणि तसंच झालं. चाचांनी मला पाठ फिरवून उभं केलं आणि एका बोटानं नवा पासवर्ड घातला. त्याला सात मिनिटं लागली. त्या दिवसापासून एकही नोंद उडवायची किंवा जोडायची असेल तर मला यार्ड ओलांडून चाचांना बोलवायला जावं लागे. ते हात धुवून येत, खुर्चीवर बसत आणि विचारत, "का?" मी कारण सांगायची. पटलं तर एका बोटानं पासवर्ड घालायचे. पटलं नाही तर वस्तू आणायला लावायचे आणि म्हणायचे, नख घाल. देशमाने साहेबांनी दोन महिने हे सोसलं आणि पुण्याला दुसरी नोकरी धरली. त्यांचा तो कागद ते निघायच्या दिवशीच मी भिंतीवरून फाडला, अगदी त्यांच्या नाकावर टिच्चून.

उडवलेल्या अकराशे नोंदी आम्ही दोघांनी एकेक करून पुन्हा तपासल्या. त्यातल्या त्रेसष्ट चुकीच्या निघाल्या. सबची नोंद नव्यानं करायला बसले तेव्हा सॉफ्टवेअर अडलं. या नावाची वस्तू आधीच आहे, दुसरं नाव द्या, म्हणालं.

"काय लिहू?" मी विचारलं.

चाचा मागं उभे होते.  "जे हाय ते लिव," म्हणाले.

मी लिहिलं, 'सब साडेचार, इस्माईल'. खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, 'फक्त एक व दोन नंबरच्या गाड्यांसाठी. नख फिरवून बघावे.' चाचा पुढं वाकले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि डोळे पुसायला बाहेर गेले. त्याच आठवड्यात सेल्वमचा फोन आला, नव्या बोअरला चारशे साठ फुटांवर दोन इंच पाणी लागलं.

चौदा महिन्यांनी चाचा रिटायर झाले तेव्हा मला पाठ फिरवायला न लावता त्यांनी माझ्या देखत पासवर्ड घातला. गोडाऊन आता माझ्याकडं आहे. चाचा तीन वर्षांपूर्वी गेले. एक आणि दोन नंबरच्या गाड्या भंगारात निघाल्या आणि इस्माईलचा शेवटचा सबही त्यांच्याबरोबर गेला. साठा शून्य आहे. तरी ती नोंद चालू आहे. दर वर्षी कुणीतरी नवीन माणूस येतो आणि मला ती बंद करायला सांगतो. दर वर्षी मी नाही म्हणते.

यंदा सांगलीहून तपासणीला एक गृहस्थ आले होते, टाय वगैरे लावून. यादीवर पेन ठेवून ते म्हणाले, "मॅडम, ह्या दोन ओळी एकच आहेत. शिवाय एकीचा साठा शून्य. काढून टाका."

"एक नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी पेन उचललं. मी हातातलं काम करत राहिले. त्यांनी यादीकडं बघितलं, मग शेऱ्याकडं, मग माझ्याकडं.

"का हो, फरक काय आहे?"

मी काम बाजूला ठेवलं आणि चाचांचं स्टूल त्यांच्यापुढं सरकवलं.

"बसा," मी म्हणाले. "सांगते."